दावीदाने ‘घेतले’ : हिब्रू धर्मग्रंथातील सत्ता आणि लैंगिक हिंसा

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत एक लहानशी यादी आढळते. त्या काळी सभास्थानात धर्मग्रंथ मूळ हिब्रूत वाचला जाई आणि शेजारी उभा असलेला दुभाषी त्याचा अर्थ अरामी भाषेत सांगत जाई, कारण सामान्य श्रोत्यांना हिब्रू सहज कळत नसे. कोणते उतारे वाचून त्यांचे भाषांतरही करावे, कोणते वाचावेत पण त्यांचे भाषांतर करू नये, आणि कोणत्यांच्या बाबतीत दोन्ही टाळावे, हे ती यादी सांगते. याकोबाचा मुलगा रऊबेन बापाच्या उपपत्नीपाशी गेला, हा उल्लेख दुसऱ्या गटात येतो. दावीद राजा आणि त्याचा मुलगा अम्नोन यांच्या कथा तिसऱ्या गटात. पुढच्या पिढ्यांतील पंडितांनी या यादीवर बराच खल केला आणि काही बंधने सैलही केली. तरीही ज्यांनी ती केली त्यांची जाण आम्हांला थक्क करते. या कथा त्यांनी ग्रंथातून वगळल्या नाहीत. एका अक्षरालाही हात न लावता त्यांनी फक्त लोकांना समजणाऱ्या भाषेचे दार ओढून घेतले. धोका शब्दांत नसून ते कळण्यात आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, हिब्रूचे पंडित नव्हे. भाषांतरे, कोश आणि भाष्ये यांच्या आधारानेच आम्ही या ग्रंथापाशी पोहोचतो. परंतु एखाद्या संहितेत कोणते क्रियापद कोठे येते आणि ते कोण कोणावर चालवतो, हे पाहण्याची सवय आमच्या व्यवसायाने लावली आहे. त्या सवयीने वाचले असता ज्यू परंपरेतील ‘तनाख’, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील ‘जुना करार’, आपल्या कानांवर आलेल्या सारांशांपेक्षा फार निराळा भासतो. आमचे म्हणणे असे की, या ग्रंथातील कथनकारांनी लैंगिक हिंसेकडे वासनेचा प्रसंग म्हणून कमी आणि सत्तेचा व्यवहार म्हणून अधिक पाहिले आहे. मोहाची, प्रणयाची, ‘पाय घसरल्याची’ भाषा बहुतांशी पुढच्या वाचकांनी त्यात घातली. मात्र सत्ता इतकी अचूक ओळखणाऱ्या त्याच कथनकारांना, जिच्यावर अन्याय झाला तिचे गाऱ्हाणे तिच्यासाठी म्हणून मांडण्याची निकड क्वचितच वाटलेली दिसते. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवून वाचणे अवघड जाते, आणि म्हणूनच ते कोणी फारसे करत नाही.

दावीद आणि बथशेबा यांची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात येते. राजे लढाईवर जातात तो ऋतू आहे. सैन्य अम्मोनी लोकांच्या राब्बा नगराला वेढा घालून बसले आहे. राजा मात्र यरुशलेमेत आहे. संध्याकाळी तो बिछान्यावरून उठतो आणि वाड्याच्या गच्चीवर फिरू लागतो. तेथून त्याला स्नान करणारी स्त्री दिसते. गच्चीवर तो आहे; ती कोठे आहे हे संहिता सांगत नाही. शेकडो वर्षे चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी तिला गच्चीवर, उघड्यावर आणून बसवले, तो त्यांचा स्वतःचा उद्योग. राजा चौकशी करवतो. ती एलियामाची मुलगी आणि उरीया हित्ती याची बायको आहे, असे त्याला सांगितले जाते. म्हणजे त्याच्याच सैन्यातील एका सरदाराची बायको. हे कळल्यावर तो जासूद पाठवतो आणि तिला घेतो. ती येते, तो तिच्यापाशी निजतो, ती घरी परत जाते. एवढ्याला हिब्रूत जेमतेम एक वाक्य पुरते. तिच्या मनाविषयी त्यात अक्षर नाही. ती नुकतीच विटाळातून शुद्ध होत होती, एवढी एकच गोष्ट कथनकार आवर्जून सांगतो. मूल उरीयाचे असू शकत नाही हे सिद्ध होण्यासाठी ती आवश्यक आहे. संपूर्ण अध्यायात तिच्या तोंडी आलेले बोलणे म्हणजे आपण गरोदर आहोत हे कळवणारा निरोप. मूळात तो दोन शब्दांचा आहे.

या अध्यायात ‘पाठवणे’ हे क्रियापद डझनभर वेळा येते. राजा सेनापती यवाबाला पाठवतो, चौकशीला माणूस पाठवतो, बथशेबेकडे जासूद पाठवतो, उरीयाला पाठवून दे असा निरोप पाठवतो. उरीया येतो, परंतु सैन्य उघड्या रानात असताना आपण घरी जाऊन सुखाने झोपणार नाही, असे म्हणून राजवाड्याच्या दाराशी नोकरांबरोबर पडून राहतो. राजा त्याला दारू पाजूनही पाहतो. शेवटी त्याच्याच हाती यवाबाला पत्र पाठवतो. त्या पत्रात उरीयाच्याच मृत्यूची तजवीज आहे. ज्याला जागचे हलावे लागत नाही, ज्याचा शब्द दुसऱ्याचे पाय घेऊन चालतो, तो सत्ताधीश. कथनकाराने सत्तेची व्याख्या न करता ती अशी एका क्रियापदातून उभी केली आहे. आणि पुढचा अध्याय उघडतो तोच मुळी परमेश्वराने नाथान संदेष्ट्याला ‘पाठवले’ या वाक्याने. पाठवणारा आता बदललेला आहे.

दुसरे क्रियापद ‘घेणे’. हिब्रूत ते बायको करण्यासाठीही सर्रास वापरले जाते, त्यामुळे ते एकटे काही सिद्ध करत नाही. परंतु याच कथामालेत आधी एक प्रसंग येऊन गेला आहे. लोक राजा मागतात तेव्हा वृद्ध शमुवेल त्यांना बजावतो की राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेते आणि द्राक्षमळे घेईल, दासदासी घेईल. त्या छोट्या भाषणात ‘घेईल’ चार वेळा येते. ज्याने ते भाषण वाचले आहे त्याच्या कानावर दावीदाचे ‘घेतले’ निराळेच पडते. नाथान जो दृष्टान्त सांगतो त्यातही श्रीमंत माणूस गरिबाची एकुलती एक मेंढी ‘घेतो’. दृष्टान्ताचा विषय अनावर इच्छा हा नाही. श्रीमंताला मेंढीचा मोह पडलेला नसतो. त्याची स्वतःची खंडीभर मेंढरे असतात, पाहुण्यासाठी त्यांतले एकही खर्ची घालायचे त्याच्या जिवावर येते, इतकेच.

बथशेबेवर बलात्कार झाला असे म्हणावे काय, यावर अभ्यासकांत वाद आहे. हिब्रूतील बळजबरीचा नेहमीचा शब्द या अध्यायात येत नाही, आणि दावीद तिच्या‘सह’ निजला अशीच वाक्यरचना आहे. आमच्यापैकी एकाला हा आक्षेप वजनदार वाटतो; दुसऱ्याच्या मते राजाचे जासूद दाराशी उभे असताना संमतीची भाषा करणेच व्यर्थ आहे. एका गोष्टीवर मात्र आमचे एकमत आहे. ग्रंथ तिला दोष देत नाही. अध्यायाचे शेवटचे वाक्य परमेश्वराच्या नाराजीचे आहे आणि त्यात कर्ता म्हणून एकट्या दावीदाचे नाव आहे.

दोष देण्याचे काम वाचकांनी केले. तालमूदमधील एका रब्बीच्या मते दावीदाने पाप केले असे म्हणणाराच चुकतो; कारण त्याच्या सैन्यातले शिपाई लढाईवर जाताना बायकांना सोडचिठ्ठी लिहून देत असत. १९५१ सालच्या ‘डेव्हिड अँड बाथशेबा’ या हॉलिवूडच्या चित्रपटात तर बथशेबेला स्वतःलाच राजाच्या नजरेस पडायचे असते. रेम्ब्राँने १६५४ साली काढलेल्या, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या चित्रात तिच्या हातात एक पत्र आहे. मूळ कथेत तिला पत्र आलेलेच नाही; कथेत पत्र एकच आहे आणि ते तिच्या नवऱ्याच्या मरणाचे आहे. तरीही आम्हांला रेम्ब्राँ इतरांपेक्षा चांगला वाचक वाटतो. त्याच्या चित्रातील स्त्री कोणाला भुलवत नाही. खाली वळलेल्या तिच्या नजरेत हुकूम आल्यानंतरची शांतता आहे.

बापाची कथा संपते न संपते तोच मुलाची सुरू होते. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, आसक्त होतो. योनादाब नावाचा चुलतभाऊ त्याला आजारपणाचे सोंग घ्यायला शिकवतो. राजा समाचाराला येतो तेव्हा तामारेने येऊन आपल्यासमोर पोळ्या कराव्यात असे अम्नोन मागतो, आणि राजा तामारेकडे निरोप पाठवतो. पुन्हा तेच क्रियापद. मुलीला तिच्या अत्याचाऱ्याच्या खोलीत जाण्याचा हुकूम बापाकडून, आणि राजाकडून, येतो.

बथशेबा गप्प आहे. तामार बोलते, आणि काय बोलते! त्याने तिला धरले आहे अशा अवस्थेत ती क्रमाने मुद्दे मांडते. आधी नकार, मग नाते, मग इस्राएलात असे होत नाही ही लोकरीत, मग आपल्या वाट्याला येणारी विटंबना, मग त्याच्या वाट्याला येणारी अपकीर्ती, आणि अखेरीस राजाकडे मागणी घालण्याचा पर्याय. द्यूतसभेतील द्रौपदीच्या प्रश्नाची मराठी वाचकाला येथे आठवण होईल. पण द्रौपदीला निदान सभा तरी होती. तामारेपुढे बंद खोली आणि एकच श्रोता आहे, आणि तो ऐकत नाही. तो तिच्यापेक्षा बलवान होता, असे कथनकार स्पष्ट लिहितो. येथे व्याकरणही बदलते. अम्नोन तिला आधी विनवतो तेव्हा ‘माझ्यासह’ असा शब्द आहे. प्रत्यक्ष कृतीच्या वाक्यातून तो ‘सह’ गळून पडतो आणि ती नुसते कर्म होऊन उरते. फिलिस ट्रिबल या अमेरिकन विदुषीने ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’ (१९८४) या पुस्तकात या कथेचे जे बारीक वाचन केले आहे ते साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावे असे आहे.

कृत्य उरकल्यावर अम्नोनाला तिचा तिटकारा येतो. तो नोकराला तिला बाहेर घालवून दार लावून घ्यायला सांगतो. हिब्रूत तो ‘ही बाई’ असेही म्हणत नाही, नुसते ‘ही’ म्हणतो. आणि घालवून देण्याचे ते क्रियापद पुन्हा ‘पाठवणे’ याच धातूचे आहे. तिच्या अंगावर राजकन्येचा झगा आहे. त्या झग्याचा हिब्रू शब्द संपूर्ण ग्रंथात याखेरीज एकाच ठिकाणी येतो: योसेफाच्या, म्हणजे भावांनीच दगा दिलेल्या दुसऱ्या भावंडाच्या अंगावर. ती तो फाडते, डोक्यात राख घालते आणि मोठ्याने रडत निघते. गप्प बसत नाही. तिला गप्प करतो तो तिचा सख्खा भाऊ अबशालोम. तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस, अशा आशयाचे तो बोलतो. घराघरांतून बोलले जाणारे हे वाक्य तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्याच्या कथेत जसेच्या तसे सापडते. राजाला राग येतो, पण तो काही करत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे एक वाक्य अधिक आहे: अम्नोन थोरला म्हणून लाडका होता, त्यामुळे बापाने त्याचे मन दुखवले नाही. दोन वर्षांनी अबशालोम मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत अम्नोनाचा खून करवतो. तो सूड बहिणीसाठी किती आणि गादीच्या वाटेतला थोरला वारस दूर करण्यासाठी किती, हे कथा उघड करत नाही. तामार त्याच्या घरात उजाड होऊन राहिली, एवढे सांगून कथनकार तिला सोडून देतो.

वर बळजबरीचा जो शब्द म्हटला तो ‘इन्ना’. त्याचा मूळ अर्थ नमवणे, खाली दाबणे, पिळणे. तामारेच्या कथेत तो येतो, शखेमाने दीनेला भ्रष्ट केले तेथे येतो, आणि बाबेलच्या फौजांनी यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतरच्या विलापगीतांत, सियोनेतल्या स्त्रियांवरील अत्याचारांसाठीही येतो. आणि हाच शब्द मिसरी मुकादमांनी इस्राएली वेठबिगारांना जे केले त्यासाठी निर्गमाच्या पहिल्या अध्यायात वापरला आहे. एक समाज आपल्या गुलामगिरीची आठवण ज्या शब्दाने सांगतो त्याच शब्दाने तो स्त्रीवरील बळजबरीही सांगतो. मराठीत असा शब्द कोणता? ‘अब्रू घेणे’ म्हटले की गुन्हा प्रतिष्ठेकडे सरकतो, ‘शीलभ्रष्ट करणे’ म्हटले की डाग तिच्यावर पडतो, आणि वर्तमानपत्री ‘अतिप्रसंग’ तर काहीच घडले नाही असे सांगण्यासाठीच जन्मलेला आहे. ‘बलात्कार’ या शब्दात बळ आहे, परंतु तो राज्यकर्त्याच्या जुलमाला लागू पडत नाही. आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘गांजणे’. रयत गांजली जाते आणि सुनेचीही गांजणूक होते. मात्र लैंगिक हिंसेसाठी तो आपण वापरत नाही. भाषांतराच्या तासाला विद्यार्थ्यांपुढे आम्ही हा प्रश्न ठेवतो तेव्हा वर्ग बराच वेळ अडतो, आणि ते अडणे उपयोगाचे असते.

‘इन्ना’ची सर्वांत विलक्षण योजना उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात आहे. अब्रामाची बायको साराय हिला मूल नाही. ती आपली मिसरी दासी हागार नवऱ्याच्या स्वाधीन करते. हागारेला कोणी विचारत नाही; ती दोघे तिचा उल्लेख नावानेही करत नाहीत, ‘दासी’ एवढाच करतात. ती गरोदर राहिल्यावर साराय तिला गांजते, आणि ती रानात पळून जाते. येथे ‘इन्ना’ आहे. आदल्याच अध्यायात परमेश्वराने अब्रामाला सांगितले आहे की तुझे वंशज परक्या देशात चारशे वर्षे गांजले जातील. तो देश मिसर. म्हणजे हिब्रूंना मिसऱ्यांनी गांजण्याआधी एका हिब्रू घराने एका मिसरी बाईला गांजले आहे, गांजणारी स्त्री आहे, आणि ग्रंथ दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. आपल्या आदिमातेविषयी असे लिहून ठेवायला धैर्य लागते. अर्थात पुढे देवदूत हागारेला परत जाऊन मालकिणीच्या हाताखाली नमून राहायला सांगतो, आणि ते नमणेही त्याच धातूचे आहे! आम्हांला हे वाक्य पचत नाही आणि ते पचवून देणारी भाष्येही पचत नाहीत. डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मचिंतक स्त्रीने १९९३ सालच्या ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’मध्ये हागारेत मालकांच्या घरी राबवलेल्या आणि उपभोगल्या गेलेल्या आपल्या पूर्वज स्त्रिया पाहिल्या. त्या वाचनानंतर साराय आणि हागार यांची कथा ‘सवतीमत्सर’ या सदरात टाकणे कोणालाही अवघड व्हावे.

दीनेविषयी थोडक्यात सांगायचे तर, तिच्या कथेत बाप बोलतो, भाऊ बोलतात, शखेम आणि त्याचा बाप बोलतात. ती एकदाही बोलत नाही. अनिता डायमंट यांच्या ‘द रेड टेंट’ (१९९७) या लोकप्रिय कादंबरीने तिला वाचा दिली, परंतु त्यासाठी शखेमाचे कृत्य प्रेमात बदलले. अत्याचार वजा केल्याशिवाय स्त्रीला बोलते करता येऊ नये, ही आमच्या मते कल्पनाशक्तीची हार आहे. भावांचा सूड तरी काय असतो? ते त्या नगरातील पुरुष कापून काढतात आणि बायकामुले धरून नेतात.

हाच हिशेब शास्ते या पुस्तकाच्या अखेरीस अंगावर येतो. लेवी वंशातला एक पुरुष माहेरी गेलेल्या उपपत्नीला परत आणायला निघतो, तेव्हा तिच्या हृदयाशी बोलायला तो निघाला असा वाक्प्रचार आहे. त्यानंतर पूर्ण अध्यायात तो तिच्याशी बोललेला दिसत नाही. वाटेत गिबा गावात जमाव घराला वेढा घालतो. यजमान स्वतःची मुलगी आणि पाहुण्याची उपपत्नी देऊ करतो, आणि त्यांना हवे तसे गांजा असे सांगताना ‘इन्ना’ हा शब्द यजमानाच्याच तोंडी येतो. लेवी तिला बाहेर ढकलतो. पहाटे ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली असते. तो तिला ऊठ, निघू या असे म्हणतो. हेच त्याचे तिच्याशी पहिले आणि शेवटचे बोलणे. उत्तर येत नाही. ती मेली होती असे ग्रीक भाषांतर सांगते, हिब्रू संहिता सांगत नाही. मग तो तिचे बारा तुकडे करून बारा वंशांकडे पाठवतो, आणि सभेपुढे साक्ष देताना आपण तिला बाहेर ढकलले हे वगळतो. संहितेने आधीच्या अध्यायात ते नोंदवलेले असल्यामुळे त्याची साक्ष खोटी आहे हे वाचकाला कळते. युद्ध होते, बन्यामीन वंशाचे ६०० पुरुष उरतात, आणि त्यांचा वंश चालावा म्हणून याबेश-गिलादातून ४०० कुमारिका आणल्या जातात; बाकीच्यांसाठी शिलोच्या उत्सवात नाचणाऱ्या मुली पळवायची परवानगी मिळते. एकीच्या अत्याचाराचे परिमार्जन शेकडो मुलींच्या अपहरणाने. गिबा हे शौल राजाचे गाव आणि ती बाई दावीदाच्या बेथलेहेमची, तेव्हा या कथेत शौलाच्या घराण्याची बदनामी करण्याचा राजकीय हेतू असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. मग तिच्या देहाचा वापर कथेतल्या लेव्याबरोबर कथनकारानेही केला, असे म्हणावे लागेल.

कायद्याची कलमे अनुवाद या पुस्तकात आहेत. मागणी झालेल्या मुलीवर रानात बळजबरी झाली तर ती निर्दोष. कारण हा प्रकार माणसाने माणसावर उठून त्याचा खून करण्यासारखा आहे, अशी तुलना तेथे येते. ती तुलना त्या काळाच्या मानाने फार पुढची आहे. नगरात घडले तर मात्र तिने ओरडायला हवे होते. मागणी न झालेल्या मुलीच्या बापाला ५० शेकेल रुपे द्यायचे, तिच्याशी लग्न करायचे आणि तिला कधी सोडायचे नाही. ज्या समाजात ‘झालेल्या’ मुलीला दुसरे घर मिळत नाही तेथे ही तिच्या पोटाची सोय असते, आणि तिला जन्मभर त्याच माणसाच्या हाती देणारी सोय असते. त्याच्याशीच लावून द्या, हा सल्ला देणारी वडीलधारी मंडळी आमच्या ओळखीची आहेत. त्यांनी हे कलम वाचलेले नाही.

सर्वांत अवघड भाग संदेष्ट्यांचा. होशेय आणि यहेज्केल यांच्या पुस्तकांत यरुशलेम किंवा इस्राएल ही व्यभिचारी बायको आणि परमेश्वर हा तिला उघडे पाडून शिक्षा करणारा नवरा होतो. राजांच्या बाबतीत सत्ता ओळखणारा ग्रंथ येथे ती ओळखत नाही. हे रूपक केवळ रूपक आहे असे म्हणून सुटता येत नाही. रूपक चालते ते श्रोत्याला नवऱ्याचा तो हक्क आधीच मान्य असतो म्हणून. रेनिटा वीम्स यांनी ‘बॅटर्ड लव्ह’ (१९९५) या पुस्तकात हा प्रश्न स्वतः श्रद्धावान राहून विचारला आहे.

आपल्याकडे या कथांचे दोन उपयोग होतात आणि आम्हांला दोन्ही नापसंत आहेत. श्रद्धावान त्यांच्यावरून घाईने पुढे जातो. आणि दुसऱ्या धर्माचा वादपटू त्या वेचून, पाहा यांच्या ग्रंथात काय काय आहे, असे म्हणत बाजारात मांडतो. याचेच एक सभ्य रूप म्हणजे जुना करार रानटी आणि नवा दयाळू, असे सांगणे. त्यामागे ज्यूंविषयीचा जुना तिरस्कार उभा असतो. या साऱ्यांना तामारेचे काहीच पडलेले नसते. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) महाभारतातल्या माणसांना माणसे म्हणून जाब विचारण्याची वाट मराठीला दाखवली. ती वाट शमुवेलाच्या पुस्तकापर्यंत जाऊ शकते, कारण त्या पुस्तकाचे मराठीशी नाते जुने आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू धर्मग्रंथातील आख्याने कीर्तनाच्या चालीत बसवली. आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या. भाषांतर १९२४ साली त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. ज्या आवारात हे काम चालले त्याच आवारात, अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी उघडलेले कृपासदन होते. मिश्नेच्या यादीने ज्या कथांसमोर दार ओढून घेतले होते, त्यांचे भाषांतर अशा स्त्रियांच्या सहवासात राहणाऱ्या एका बाईने केले, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी घटना आहे. आमच्या माहितीतल्या अभ्यासक्रमांत रमाबाईंचे भाषांतर मात्र नाही.

नाथानाच्या दृष्टान्तापाशी एक गोष्ट सांगायची राहिली. दावीदाने उरीयाची बायको घेतली म्हणून परमेश्वर त्याच्या बायका त्याच्यादेखत घेऊन दुसऱ्याला देईल, असे संदेष्टा बजावतो. काही वर्षांनी अबशालोम बंड करतो. दावीद पळताना दहा उपपत्नींना वाड्याची राखण करायला मागे ठेवतो, आणि अबशालोम सर्व इस्राएलादेखत वाड्याच्या गच्चीवर तंबू ठोकून त्यांच्यापाशी जातो. गच्ची तीच, जेथून कथा सुरू झाली. बंड मोडते, दावीद परततो आणि त्या दहाजणींना एका बंदिस्त घरात ठेवतो. त्यांना अन्नवस्त्र मिळते, पण तो त्यांच्याकडे पुन्हा जात नाही. मरेपर्यंत त्या तशाच राहतात. त्यांच्या अवस्थेला हिब्रूत दोन शब्द योजले आहेत आणि ते जोडीने थोडे विचित्र वाटतात: वैधव्य आणि जिवंत. नवरा जिवंत असताना आलेले वैधव्य असा त्याचा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात. विधवांसाठी शारदासदन काढणाऱ्या भाषांतरकर्तीने हे दोन शब्द कोणत्या मराठीत लिहिले, हे ज्याने त्याने २ शमुवेलाचा विसावा अध्याय उघडून पाहावे. त्या दहाजणींची नावे मात्र तेथे सापडणार नाहीत.